रिव्हर्ब बंद पडला म्हणून अ‍ॅम्प्लिफायर भंगारात का?

प्रति,
मा. संपादक,

विषय : जुन्या गिटार अ‍ॅम्प्लिफायरमधील स्प्रिंग रिव्हर्बची दुरुस्ती आणि संस्थांकडून होणारे घाईचे निर्लेखन (नोंदवहीतून वगळून भंगारात काढणे)

महोदय,

मराठवाड्यातील महाविद्यालये, चर्च, ऑर्केस्ट्रा आणि बेंजो पार्ट्या यांच्याकडे दोन-तीन दशकांपूर्वी घेतलेले जे गिटार अ‍ॅम्प्लिफायर अजून शिल्लक आहेत, ते एकेक करून निकालात निघत आहेत. परभणीत मी ध्वनियंत्रणांची दुरुस्ती करतो आणि भंगारवाल्यांच्या हातून असे अ‍ॅम्प्लिफायर माझ्यापर्यंत येतात, तेव्हा त्यांतील बऱ्याच यंत्रांचा दोष एकच असल्याचे आढळते : आवाज खणखणीत आहे, स्पीकर शाबूत आहे, ट्रान्सफॉर्मर थंड आणि निरोगी आहे, फक्त रिव्हर्बचे बटण फिरवले की काहीही होत नाही. एवढ्या एका कारणासाठी संपूर्ण यंत्र टाकून देणे हा उधळेपणा आहे, आणि तो केवळ माहितीच्या अभावी होतो आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. ही माहिती शक्य तितक्या तपशिलाने आपल्या वाचकांपुढे यावी म्हणून हे पत्र लिहीत आहे. ते नेहमीच्या पत्रांपेक्षा लांबले आहे, परंतु तपशील वगळून लिहिले असते तर त्याचा कुणाला उपयोग झाला नसता.

रिव्हर्ब म्हणजे काय, हे आपल्या भागातील माणसाला वेगळे शिकवावे लागत नाही. वेरूळच्या दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात, ज्याला आपण विश्वकर्मा लेणे म्हणतो, त्या कमानदार दगडी छताखाली कुणी एक स्वर लावला की तो लगेच संपत नाही. भिंतींवरून आणि छतावरून परतत, एकमेकांत मिसळत तो हळूहळू विरतो. गिटारचा सूर अशा जागेत वाजल्यासारखा ऐकू यावा, मग प्रत्यक्षात वादक मंगल कार्यालयाच्या पत्र्याखाली किंवा उघड्या मैदानावरच्या मांडवात का उभा असेना, यासाठी जुन्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये एक पत्र्याची लांबट पेटी बसवलेली असते. कारागीर तिला टँक म्हणतात. तिच्यात दोन किंवा तीन बारीक, लांब स्प्रिंगा ताणून बसवलेल्या असतात. प्रत्येक स्प्रिंगेच्या दोन्ही टोकांना मण्याएवढे चुंबक असतात आणि ते चुंबक लोखंडी पट्ट्यांच्या गाभ्यावर गुंडाळलेल्या कॉइलच्या फटीत तरंगते राहतात. एका टोकाच्या कॉइलमधून गिटारचा विद्युत संदेश गेला की तेथील चुंबक किंचित पिळला जातो, तो पीळ स्प्रिंगेतून लाटेसारखा पुढे सरकतो, दुसऱ्या टोकाचा चुंबक हलवतो आणि त्या टोकाच्या कॉइलमध्ये पुन्हा विजेचा बारीक संदेश तयार होतो. लाट तेथे थांबत नाही. ती परत फिरते, पुन्हा येते आणि असे करत करत दोन-तीन सेकंदांत मावळते.

या पेटीतील कारागिरी लक्षपूर्वक पाहण्यासारखी आहे. सर्वाधिक वापरात असलेल्या लांब टँकमध्ये दोन स्प्रिंगांचा वेग मुद्दाम वेगळा ठेवलेला असतो : एकीतून लाट पलीकडे पोचायला सुमारे ३३ मिलिसेकंद लागतात आणि दुसरीतून सुमारे ४१. हवेतून आवाज तेवढ्या वेळात साधारण ११ ते १४ मीटर अंतर कापतो. एखाद्या मोठ्या सभागृहात भिंतीवर आपटून येणाऱ्या आवाजाला जेवढा वेळ लागावा, तेवढा वेळ येथे साडेबेचाळीस सेंटिमीटरच्या पेटीत साधला आहे. दोन्ही वेळा सारख्या नसल्यामुळे परतणारे आवाज एकावर एक पडत नाहीत आणि नाद भरीव होतो. शिवाय प्रत्येक स्प्रिंग मध्यावर जोडलेल्या दोन तुकड्यांची असते आणि दोन्ही तुकड्यांचे वेटोळे विरुद्ध दिशांना गुंडाळलेले असते, जेणेकरून बाहेरच्या धक्क्यांचा परिणाम कमी व्हावा.

या यंत्राचा उगम टेलिफोनच्या संशोधनात आहे. लांब पल्ल्याच्या टेलिफोन तारांमधून आवाजाला होणारा उशीर प्रयोगशाळेत तयार करून पाहण्यासाठी अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत स्प्रिंगांचे असे साधन बनवले गेले होते. लॉरेन्स हॅमंड यांचा विद्युत ऑर्गन १९३५ मध्ये बाजारात आला, तेव्हा तो लहान चर्चमध्ये आणि घरांमध्ये कोरडा वाजतो ही त्याची मोठी उणीव होती, आणि ती भरून काढण्यासाठी हॅमंड यांनी ही कल्पना आपल्या वाद्यासाठी घेतली. पुढे फेंडर कंपनीने १९६१ मध्ये गिटारसाठी स्वतंत्र रिव्हर्ब पेटी काढली आणि १९६३ मध्ये व्हायब्रोव्हर्ब हा रिव्हर्ब आत बसवलेला आपला पहिला अ‍ॅम्प्लिफायर आणला. तेव्हापासून व्हॉल्व्हच्या (काचेच्या निर्वात नळ्यांच्या) आणि ट्रान्झिस्टरच्या असंख्य अ‍ॅम्प्लिफायरमध्ये, १९७५ पासून बनणाऱ्या रोलंड जेसी-१२० सारख्या प्रसिद्ध यंत्रातही, मूळ रचना हीच राहिली आहे. याचा आपल्या दृष्टीने अर्थ असा की हा भाग एका कंपनीचे गुपित नसून जवळपास ठरीव मापाचा सुटा भाग आहे. अ‍ॅक्युट्रॉनिक्स या नावाने तो पूर्वी अमेरिकेत बनत असे. २००९ पासून त्याच नावाने कोरियातील बेल्टन ही कंपनी तो बनवते, आणि इतरही काही उत्पादक त्याच मापांचे टँक काढतात. म्हणजे चाळीस वर्षांपूर्वीच्या अ‍ॅम्प्लिफायरला आज नवा कोरा टँक मिळू शकतो. किती यंत्रांच्या बाबतीत असे म्हणता येईल?

आता तो बिघडतो का, हे पाहू. आपल्याकडची कारणे बहुतेक वाहतुकीची आणि साठवणुकीची आहेत. टेंपोच्या हौद्यात इतर सामानाबरोबर आडवातिडवा टाकलेला अ‍ॅम्प्लिफायर तालुक्याच्या रस्त्यांवरून रात्रभर आदळत जातो, तेव्हा टँकच्या आतली चौकट, जी चार छोट्या स्प्रिंगांवर लोंबकळत ठेवलेली असते, कधी एका कोपऱ्यातून निसटते, तर कधी चुंबकाजवळचा आधार मोडतो. सर्वांत अधिक वेळा तुटते ती कॉइलपासून बाहेरच्या आरसीए सॉकेटपर्यंत (केबलची पिन बसते त्या खाचेपर्यंत) गेलेली बारीक तार. वर्षातून एकदा गणेशोत्सवाला किंवा स्नेहसंमेलनाला बाहेर काढून उरलेला काळ पत्र्याच्या खोलीत ठेवलेल्या यंत्रात मे महिन्याच्या उष्णतेने फोमचा तुकडा भुसभुशीत होऊन स्प्रिंगांवर पडतो, धूळ चुंबकाच्या फटीत बसते, आणि उंदीर तर आरसीए केबलचे वेष्टन हमखास कुरतडतात. यांतील एकही दोष अ‍ॅम्प्लिफायरच्या मुख्य विद्युत मंडलाचा नाही.

तपासणी कशी करावी याबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण चूक येथेच होते. प्रथम पायाने दाबायचा स्विच असेल तर त्याची केबल काढून पाहावी. अनेक अ‍ॅम्प्लिफायरमध्ये ती केबल आत शॉर्ट झाली की रिव्हर्ब कायमचा बंद राहतो आणि टँक निर्दोष असतो. त्यानंतर टँककडे जाणाऱ्या दोन आरसीए केबलची अदलाबदल झालेली नाही ना, हे पाहावे. कुणी साफसफाईसाठी त्या काढल्या आणि उलट लावल्या, तर रिव्हर्ब जवळजवळ नाहीसा होतो आणि उलट घरघर वाढते. हे दोन्ही ठीक असेल तर रिव्हर्बचे बटण पूर्ण वाढवून टँकवर हळूच टिचकी मारावी. स्पीकरमधून खणाणल्यासारखा, गडगडल्यासारखा आवाज आला तर टँकचे बाहेर जाणारे टोक (जेथून संदेश परत निघतो), परतीची केबल आणि पुढचे मंडल हे सर्व चालू आहे असे समजावे. दोष टँकला संदेश पाठवणाऱ्या बाजूला आहे, मग ती पाठवणीची केबल असो, आतल्या टोकाची (जेथून संदेश टँकमध्ये शिरतो तेथील) कॉइल असो किंवा तिला चालवणारा व्हॉल्व्ह अथवा आयसी (चिप) असो. टिचकीने काहीच ऐकू आले नाही, तर परतीच्या केबलची पिन टँकमधून काढून तिच्या मधल्या टोकाला बोट लावावे. अर्थिंग नीट असल्याची खात्री केल्याशिवाय मात्र असे करू नये. गुणगुण ऐकू आली तर अ‍ॅम्प्लिफायर निर्दोष आहे आणि टँकच्या त्या टोकाची कॉइल किंवा तिची तार तुटली आहे. या साऱ्याला दहा मिनिटेही लागत नाहीत आणि अ‍ॅम्प्लिफायरचा मुख्य सांगाडा उघडावाही लागत नाही, कारण टँक बहुधा कॅबिनेटच्या तळाशी एका पिशवीत वेगळा ठेवलेला असतो.

हे शेवटचे वाक्य मी मुद्दाम लिहिले आहे. व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये कपॅसिटरवर (वीज साठवणाऱ्या भागांवर) ४०० व्होल्ट किंवा त्याहून अधिक दाब असतो आणि वायर भिंतीतून काढल्यानंतरही तो काही काळ टिकतो. ज्याला ते कपॅसिटर रिकामे करण्याची रीत माहीत नाही, त्याने सांगाड्याला हात लावू नये. टँक बदलण्यासाठी त्याची गरजच नाही : वीज बंद करून दोन पिना काढायच्या, स्क्रू सोडायचे, पिशवी बाहेर घ्यायची.

टँक बाहेर काढल्यावर मल्टिमीटरने दोन्ही सॉकेटांचा रोध मोजावा. येथे एक घोटाळा मी अनेकदा पाहिला आहे. फेंडरच्या पद्धतीच्या टँकमध्ये आतल्या टोकाची कॉइल ८ ओहम इंपीडन्सची (आवाजाच्या बदलत्या विद्युत संदेशाला होणाऱ्या अडथळ्याची) असते, परंतु तिचा डीसी रोध, म्हणजे मीटरच्या स्थिर प्रवाहाला होणारा अडथळा, एक ओहमपेक्षाही कमी, सुमारे ०.८ भरतो. साध्या मीटरच्या तारांचाच रोध त्याच्या जवळपास असल्यामुळे मीटर जवळजवळ शून्य दाखवतो आणि कारागीर कॉइल शॉर्ट झाली असा निष्कर्ष काढून टँक फेकून देतो. ती कॉइल उत्तम असते. दुसऱ्या टोकाची कॉइल २२५० ओहमची असेल तर तिचा डीसी रोध सुमारे २०० ओहम यायला हवा. मीटरने काहीच दाखवले नाही, म्हणजे विजेचा मार्ग अखंड नाही, तरच तार किंवा कॉइल तुटली असे म्हणावे. तशा स्थितीतही भिंगाखाली आधी सॉकेटजवळची तार पाहावी. पुष्कळदा ती तेथेच तुटलेली असते, आणि लवचीक वायरमधील केसाएवढी एक तार घेऊन, थोडी ढील ठेवून, हलक्या हाताने सोल्डर केली की तोच टँक पुन्हा वाजू लागतो. नवा भाग मागवण्याची वेळ त्यानंतरची आहे.

नवा टँक घ्यायचाच असेल, तर सगळी मदार त्याच्या क्रमांकावर आहे, आणि या पत्रातील सर्वांत महत्त्वाचा भाग हाच आहे. पत्र्यावर ठोकलेला किंवा शाईने छापलेला सात अक्षरांचा एक संकेत असतो. उदाहरणार्थ, फेंडरच्या अनेक अ‍ॅम्प्लिफायरना लागणारा ४-ए-बी-३-सी-१-बी हा संकेत घेऊ. पहिला ४ हा आकार सांगतो : १६.७५ इंचांची, म्हणजे साडेबेचाळीस सेंटिमीटरची, दोन स्प्रिंगांची लांब पेटी. त्याच लांबीची तीन स्प्रिंगांची पेटी ९ या अंकाने ओळखली जाते, आणि लहान अ‍ॅम्प्लिफायरमध्ये बसणारी सव्वानऊ इंचांची तीन स्प्रिंगांची पेटी ८ या अंकाने. दुसरे अक्षर आतल्या टोकाचे इंपीडन्स दाखवते आणि तिसरे बाहेरच्या टोकाचे. चौथा अंक नाद किती वेळ टिकावा हे सांगतो : १ म्हणजे आखूड, २ म्हणजे मध्यम आणि ३ म्हणजे दीर्घ, साधारण पावणेतीन ते चार सेकंदांचा. पाचवे अक्षर कोणत्या टोकाचे सॉकेट पत्र्याला जोडलेले आहे आणि कोणते अलग आहे, याचे. सहावा अंक स्प्रिंगांना वाहतुकीसाठी कुलूप आहे की नाही याचा असून १ म्हणजे कुलूप नाही. शेवटचे अक्षर पेटी कोणत्या अवस्थेत बसवायची हे सांगते.

यांतील दुसरे अक्षर चुकले की पैसे वाया गेले असे समजावे. व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये टँकच्या आधी बहुधा एक छोटा ट्रान्सफॉर्मर असतो आणि त्याला ८ ओहमची कॉइल लागते. ट्रान्झिस्टरच्या किंवा आयसीच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये बहुधा तो ट्रान्सफॉर्मर नसतो आणि तेथे १५० पासून १४७५ ओहमपर्यंतच्या कॉइल वापरतात. पेटी दिसायला अगदी सारखी, पिना त्याच, लांबी तीच. पण आयसीला ८ ओहमची कॉइल जोडली तर तो तेवढा प्रवाह पुरवू शकत नाही, आवाज फाटतो आणि आयसी तापतो. उलट ट्रान्सफॉर्मरला ६०० ओहमची कॉइल जोडली तर नाद इतका क्षीण येतो की नवा भागही खराब निघाला असे वाटावे. संकेत पुसला गेला असेल तर शाबूत कॉइलच्या डीसी रोधावरून अंदाज बांधता येतो : ८ ओहमच्या कॉइलचा एक ओहमच्या आत, ६०० ओहमच्या कॉइलचा साठच्या जवळपास आणि १४७५ ओहमच्या कॉइलचा दोनशेच्या जवळपास. आतल्या टोकाची कॉइलच तुटलेली असेल तर तिला चालवणारे मंडल पाहावे. ट्रान्सफॉर्मर आहे की आयसी, एवढ्यावरून निम्मे उत्तर मिळते.

पाचव्या अक्षराकडे दुर्लक्ष करण्याची सवय तर फारच सार्वत्रिक आहे. दोन्ही सॉकेट पत्र्याला जोडलेला टँक चुकीच्या जागी बसवला की अर्थिंगचे दोन मार्ग तयार होऊन घरघर सुरू होते, आणि दोन्ही अलग असलेला टँक बसवला तर पत्रा कुठेच जोडला न गेल्यामुळे घरघर सुरू होते. आवाज एकच, कारणे दोन. मग दोष अ‍ॅम्प्लिफायरच्या फिल्टर कपॅसिटरवर ढकलला जातो आणि चांगले कपॅसिटर बदलले जातात. शेवटच्या अक्षराचेही तसेच आहे. स्प्रिंगांना स्वतःचे वजन असते, त्या थोड्या झोळतात, आणि चुंबक फटीच्या बरोबर मध्यभागी राहावा यासाठी तो झोळ धरूनच पेटी जुळवलेली असते. उघडी बाजू खाली करून आडवी ठेवायची पेटी उभी बसवली तर चुंबक गाभ्याला टेकू शकतो आणि नाद मरतो.

बसवताना आणखी दोन गोष्टी पाळाव्यात. टँकचे बाहेर जाणारे टोक वीजपुरवठ्याच्या ट्रान्सफॉर्मरपासून शक्य तितके दूर असावे, कारण ती कॉइल त्याचे चुंबकीय क्षेत्र ओढून घेते. आणि स्क्रू आवळून बसवू नयेत. रबराच्या गोट्यांवर पेटी थोडी मोकळी राहिली तरच स्पीकरचे हादरे तिच्यात शिरत नाहीत. जुनी पिशवी आणि उघड्या बाजूवरचा पुठ्ठा फाटला असला तरी फेकू नये, तसाच नवा शिवून किंवा कापून घ्यावा. घराशेजारचा शिंपी हे काम करून देतो.

यावर काही जण म्हणतील की आता डिजिटल पेडल (पायाशी ठेवून नाद बदलण्याचे साधन) मिळते, ते समोर जोडले की झाले. माझा डिजिटल साधनांना विरोध नाही. तरुण वादक ती कौशल्याने वापरतात आणि त्यांतून असे नाद काढतात जे स्प्रिंगेला कधी शक्य नाहीत. परंतु पेडल आहे म्हणून चालू अ‍ॅम्प्लिफायर टाकून द्यावा, हा तर्क समजत नाही. ज्याला पेडल वापरायचे आहे त्यालाही चांगला अ‍ॅम्प्लिफायर लागतोच, आणि निर्लेखनात जातो तो अ‍ॅम्प्लिफायर. दुसरे असे की स्प्रिंगेचा नाद हा खऱ्या सभागृहाची हुबेहूब नक्कल नाही. उंच स्वर त्यात मंदावतात, जोरात छेडलेल्या तारेबरोबर तो थोडा थरथरतो, आणि गिटारच्या वादनात तो आता स्वतःचा एक रंग होऊन बसला आहे. तो रंग शिकणाऱ्या मुलांच्या कानावर पडावा, असे मला मनापासून वाटते.

परभणी, नांदेड, लातूर, बीड अशा गावांत गिटार शिकणारी मुले आज पूर्वीपेक्षा कितीतरी अधिक दिसतात. विद्यापीठांच्या युवक महोत्सवांत पाश्चात्त्य वादनाची स्वतंत्र स्पर्धा असते. जालना परिसरातील ख्रिस्ती वस्त्यांत, जेथे एकोणिसाव्या शतकात रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी बेथेल वसवले, तेथील उपासनेत गिटार घरच्यासारखी रुळली आहे. या मुलांपैकी बहुतेकांच्या घरी स्वतःचा अ‍ॅम्प्लिफायर घेण्याची ऐपत नाही. महाविद्यालयाच्या सांस्कृतिक विभागाच्या कपाटामागे ठेवलेला अ‍ॅम्प्लिफायर हाच त्यांचा अ‍ॅम्प्लिफायर असतो. आमच्या विभागातील एका महाविद्यालयाने असाच एक व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर डेड स्टॉक रजिस्टरमध्ये ‘दुरुस्त होण्याजोगा नाही’ असा शेरा मारून इतर सामानाच्या ढिगाबरोबर विकून टाकला. त्याच्या टँकमधली एक तार सॉकेटपाशी तुटली होती, बाकी सर्व भाग जसेच्या तसे होते. शेरा लिहिणाऱ्या समितीत इलेक्ट्रॉनिक्स जाणणारा कुणी नव्हता आणि एकाही कारागिराचे मत घेतलेले नव्हते. त्या वर्षी त्या महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी भाड्याच्या लाउडस्पीकर यंत्रणेवर गिटार वाजवली. मला याचे फार वाईट वाटले.

मराठवाड्यात दुरुस्तीचे कौशल्य नाही, असे कुणी म्हणू नये. प्रत्येक तालुक्याच्या ठिकाणी मोटार रिवाइंडिंगची दुकाने आहेत आणि विहिरीवरचा पंप जळाला की तेथील कारागीर एका दिवसात तो भरून देतात, कारण पिकाचे पाणी थांबवता येत नाही. ८ ओहमच्या टँकची आतली कॉइल तुलनेने जाड तारेची आणि थोड्या वेढ्यांची असते. वेढे मोजून, त्याच जाडीची तार वापरून ती भरणे या कारागिरांच्या आवाक्यातले काम आहे. बाहेरच्या टोकाची कॉइल मात्र अतिशय बारीक तारेची असल्यामुळे ती भरण्याच्या भानगडीत पडू नये, नवा टँक घेणे बरे. तो काही हजार रुपयांत येतो आणि तेवढ्या रकमेत त्याच ताकदीचा नवा अ‍ॅम्प्लिफायर येणार नाही.

औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमध्ये इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक हा दोन वर्षांचा व्यवसाय अभ्यासक्रम आहे. तेथील विद्यार्थ्यांना सरावासाठी खरीखुरी बिघडलेली यंत्रे मिळाली तर त्यांचा हात तयार होईल. टँकची तपासणी हा तर शिकवण्यासाठी उत्तम धडा आहे : त्यात कॉइल आहे, चुंबक आहे, इंपीडन्स आणि डीसी रोध यांतील फरक आहे, अर्थिंगचा प्रश्न आहे, आणि निकाल कानाने लगेच कळतो. आज महाविद्यालयाची यंत्रे भंगारात जातात आणि त्याच गावातील प्रशिक्षण संस्थेत विद्यार्थी तयार किटवर सराव करतात. या दोन संस्थांमध्ये पुष्कळदा एका रस्त्याचे अंतर असते.

केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी संकेतस्थळ सुरू केले. त्यासाठी शेतीची अवजारे, मोबाइल व इलेक्ट्रॉनिक साधने, घरगुती टिकाऊ वस्तू आणि वाहने अशी क्षेत्रे निवडण्यात आली. शेतकऱ्याचा ट्रॅक्टर त्यात आला ही समाधानाची बाब आहे. वाद्ये आणि त्यांची ध्वनियंत्रणा यांचाही त्यात स्वतंत्र उल्लेख व्हावा, सुट्या भागांचे संकेत आणि मंडलांचे नकाशे उत्पादकांनी उघड ठेवावेत, अशी मागणी आपल्या लोकप्रतिनिधींनी करावी. जुन्या अ‍ॅम्प्लिफायरच्या मागच्या फळीवर पूर्वी अनेकदा मंडलाचा नकाशा चिकटवलेला असे. त्या एका कागदामुळे कित्येक यंत्रे आजवर जगली आहेत.

दरम्यान संस्थांनी स्वतःच्या पातळीवर करण्यासारखे बरेच आहे. विद्यापीठांनी संलग्न महाविद्यालयांना असे कळवावे की ध्वनियंत्रणेचे निर्लेखन करण्यापूर्वी एका जाणकार कारागिराचा लेखी अभिप्राय जोडला पाहिजे आणि त्यात नेमका कोणता भाग निकामी आहे हे लिहिले पाहिजे. ‘बंद आहे’ एवढा शेरा पुरेसा धरू नये. निर्लेखन झालेच, तर ते यंत्र प्रथम जवळच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेला देऊ करावे. छत्रपती संभाजीनगर आणि नांदेड येथील वाद्यविक्रेत्यांना विनंती आहे की त्यांनी अधिक मागणी असलेले दोन-तीन संकेतांचे टँक दुकानात ठेवावेत, कारण परदेशातून एकेकटा टँक मागवताना टपालखर्च आणि सीमाशुल्क मिळून किंमत बरीच वाढते. आणि ज्यांच्याकडे असा अ‍ॅम्प्लिफायर आहे त्यांनी या आठवड्यात मागची फळी उघडून तळाच्या पिशवीतील पेटीवरचा संकेत एका कागदावर लिहावा आणि तो कागद फळीच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेवावा. पत्र्यावरची शाई पुसली गेल्यानंतर तो संकेत शोधणे फार कठीण जाते.

आपला,
एक ध्वनियंत्रणा दुरुस्ती कारागीर,
परभणी